धास्ती कुठून येते?

बैलबाजारात जोडी पाहायला गेलेला माणूस काय काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. आणि जाणता असेल तर आणखी एक गोष्ट हमखास करतो. बैलाच्या बाजूला उभा राहून खांद्यावरचे उपरणे एकदम झटकतो. एखादा बैल नुसते कान हलवून उभा राहतो. एखादा असा उसळतो की कासरा धरणाऱ्याचा हात सोलून निघतो. मग विचारणा होते, "बुजरा आहे का हो?" विकणारा म्हणतो, "नाही पाव्हणं, जागा नवी आहे म्हणून." घेणारा मनात म्हणतो, याची आईच बुजरी असणार. शेजारचा तिसरा पुटपुटतो, लहानपणी मार खाल्लेला दिसतोय.

गंमत अशी, की तिघांच्याही बोलण्यात तथ्य असते. बुजरेपणा वाणातून येतो, गोऱ्हा असताना मिळालेल्या वागणुकीतून येतो आणि समोरच्या प्रसंगातूनही येतो. जनावराच्या बाबतीत हा विवेक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र, विशेषतः घरातल्या बाईच्या बाबतीत, तो कुठे जातो कोण जाणे!

तुमच्या गावात, भावकीत अशी एखादी बाई असेलच. सकाळी चुलीपुढे भाकरी थापताना तिला एकाएकी छातीत धडधडू लागते. हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो, कितीही श्वास घेतला तरी पुरत नाही. आपण आता मरणार अशी तिची खात्री होते. घरचे जीप करून तालुक्याला नेतात. कार्डिओग्राम निघतो. डॉक्टर सांगतात, "काही नाही, हृदय ठणठणीत आहे." दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा मात्र सासू म्हणते, "डॉक्टर काही नाही म्हणतो, मग हिलाच कसं होतं?" कोणी म्हणतो नाटक, कोणी म्हणतो मनाने कच्ची, कोणी लिंबू उतरवतो. हळूहळू ती बाजाराला जायचे सोडते, मग मळ्यात एकटी जायचे सोडते, शेवटी दाराशी कुणीतरी असल्याशिवाय न्हाणीतसुद्धा जात नाही.

डॉक्टरांच्या "काही नाही" या दोन शब्दांनी किती घरांत घोटाळा केला असेल! हृदयाला काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्रास खराच असतो. वैद्यकशास्त्रात त्याला चिंताविकार म्हणतात. आपल्या बोलीतला 'धास्ती' हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो, म्हणून या लेखात तोच वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोकांना हा विकार होता. आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत मनाच्या आजारांची पाहणी केली. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.) धास्ती आणि ताणाचे हे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळजवळ दुपटीने आढळले. मनाचे आजार असलेल्या शंभरांपैकी सत्तराहून अधिक जणांना कसलाच उपचार मिळालेला नव्हता, हेही त्याच पाहणीत दिसले.

मग ही धास्ती येते कुठून? बैलबाजारातल्या त्या तिघांच्या उत्तरांनीच पुढे जाऊ.

रक्तातून येते ते किती?

"हिची आईही अशीच घाबरट होती," हे वाक्य आपण ऐकतो. पण आईजवळ वाढलेली मुलगी आईची भीती रक्तातून घेते की पाहून शिकते, हे नुसते बघून कळत नाही. शास्त्रज्ञांनी त्यासाठी जुळ्यांचा आधार घेतला. काही जुळी एकाच बीजातून झालेली, अगदी एकसारखी असतात. काही दोन वेगळ्या बीजांतून होतात, ती साध्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. तेव्हा एकसारख्या जुळ्यांत धास्तीचे साम्य जास्त आढळले, तर तो जास्तीचा भाग जन्मजात म्हणायचा. अशा अनेक अभ्यासांतून उत्तर आले ते साधारण ३० ते ४० टक्क्यांचे. म्हणजे रुपयातले पाच-सहा आणे.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. तुमच्या धास्तीतले पाच-सहा आणे आईबापांचे आणि बाकी तुमचे, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जन्मजात फरकाचा, इतकेच त्यातून कळते. एकाच पिशवीतले ज्वारीचे बी काळ्या रानात आणि मुरमाड माळावर पेरले, तर कणसांतला फरक रानाचा. एकाच वाफ्यात चार वाण टाकले, तर फरक बियाण्याचा. रान बदलले की हिशेब बदलतो.

मध्यंतरी 'भीतीचे जनुक' सापडल्याची मोठी हवा झाली होती. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेला, शरीर कसे घडवायचे हे सांगणारा निरोप. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाच्या रसायनाने एकमेकींशी बोलतात. ते रसायन परत उचलून नेणाऱ्या यंत्रणेच्या जनुकाचे एक आखूड रूप असते आणि एक लांब. १९९६ साली ५०५ लोकांच्या तपासणीवरून असे मांडले गेले, की आखूड रूप असलेली माणसे जरा अधिक काळजीखोर असतात. पुढे २००३ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावाचा अभ्यास आला. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांवर संशोधक वर्षानुवर्षे लक्ष ठेवून होते. आखूड रूप आणि त्यात आयुष्यात आपत्ती, असे ज्यांच्या वाट्याला आले ते उदासीनतेच्या आजाराला जास्त बळी पडले, असा निष्कर्ष निघाला. जगभर त्याचा गाजावाजा झाला.

पण पडताळणी करणाऱ्यांना तो काही नीट सापडेना. २००९ साली चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले, तरी धागा हाती लागला नाही. २०१९ साली तर लाखो माणसांची माहिती चाळली गेली. उदासीनतेसाठी गाजलेली हे आणि दुसरी जनुके कोणत्याही ऐऱ्यागैऱ्या जनुकापेक्षा विशेष ठरली नाहीत. आज मानले जाते ते असे, की एकच एक जनुक दोषी नसते. शेकड्यांनी जनुके असतात आणि प्रत्येकाचा वाटा तिळाएवढा असतो. तेव्हा 'भीतीचे जनुक सापडले' अशी चौकट कुठे छापून आली, तर चष्मा पुसून पुन्हा वाचा. आणि सोयरीक जुळवताना "त्यांच्या घराण्यात आहे" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीही आपल्या घराण्यात जरा डोकावून पाहावे. तिळाएवढे वाटे सगळ्यांच्याच घरात असतात.

उंदरीण आणि तिची पिल्ले

उंदीर म्हटल्यावर आपल्याला कणगी आठवते आणि राग येतो. पण हा प्रयोग ऐकण्याजोगा आहे. कॅनडात माँट्रिअल शहरातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या बाळंतिणी न्याहाळत होते. त्यांना दिसले, की काही माद्या पिल्लांना सारख्या चाटतात, तर काही जेवढ्यास तेवढे. गाय वासराला चाटते तसेच हे. खूप चाटलेली पिल्ले मोठी झाल्यावर नव्या मोकळ्या जागेत सोडली, तर बिनधास्त फिरत. कमी चाटलेली कडेकडेने अंग चोरून चालत आणि त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरकही जास्त चढे.

तुम्ही म्हणाल, धीट आईची धीट पिल्ले, रक्तच तसे. त्यांनाही तीच शंका आली. मग त्यांनी पिल्ले जन्मल्या दिवशीच अदलाबदल करून ठेवली. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्ले जास्त चाटणारीच्या कुशीत घातली. ती पिल्ले सांभाळणाऱ्या आईसारखी धीट निघाली. इतकेच नव्हे, तर त्यांतल्या माद्या पुढे स्वतः आई झाल्या तेव्हा त्यांनीही आपल्या पिल्लांना भरपूर चाटले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २००४ साली त्यांनी त्यामागचे कारणही दाखवले. मेंदूच्या एका भागात ताणाचे संप्रेरक पुरेसे झाले की "बस्स, पुरे" असे सांगणारी व्यवस्था असते. तिच्या जनुकावर एक रासायनिक झाकण बसते. आईच्या चाटण्याने ते झाकण ढिले राहते आणि व्यवस्था चांगली चालते. म्हणजे जनुक तेच, पण ते किती बोलणार हे बाळपण ठरवते. माणसांत हे तंतोतंत असेच घडते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस.

माणसांवर असा अदलाबदलीचा प्रयोग कोण करील? पण युरोपातल्या रुमानिया देशावर एक आपत्ती आली आणि तिच्यातून जगाला काही कळले. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याला देशाची लोकसंख्या वाढवायची होती. १९६६ साली त्याने गर्भपातावर बंदी घातली. गरीब घरांना पोरे पोसवेनात, ती सरकारी अनाथालयांत जमा होऊ लागली. १९८९ च्या डिसेंबरात त्याची सत्ता उलथली, तेव्हा लाखावर मुले अशा ठिकाणी होती. खायला मिळे, अंगावर कपडे असत, पण एका बाईकडे डझनभर लेकरे. रडले तरी कोणी उचलत नाही, हे उमगल्यावर ती रडेनाशी झाली होती.

२००० साली अमेरिकी संशोधकांनी राजधानी बुखारेस्टमध्ये १३६ लहानग्यांची पाहणी सुरू केली. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून निवडले आणि तयारी केलेल्या पालक कुटुंबांत पाठवले. निम्मी तिथल्या व्यवस्थेतच राहिली. मुले साडेचार वर्षांची झाल्यावर पाहिले, तर घर मिळालेल्यांत धास्ती आणि उदासीनतेचे विकार बरेच कमी होते. आणि पुढे बारकाईने पाहता आणखी एक गोष्ट दिसली. हा फायदा मुख्यतः मुलींना झाला होता. ज्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईचा भरवसा वाटू लागला, जी रडताना तिच्याकडे झेपावू लागली, तिची धास्ती ओसरली. मुलग्यांत तसा ठळक फरक दिसला नाही.

आपण आपल्या घरांकडे वळू. आपली पोरे अनाथालयात नाहीत, देवाची कृपा. पण संध्याकाळी अंगणात चपलेचा आवाज आला, की बाप आज पिऊन आला आहे की नाही हे केवळ पावलांवरून ओळखणारी पोर तुम्ही पाहिली असेल. आठ-नऊ वर्षांची असते. भांडी घासता घासता तिचे कान दाराकडे असतात. धाकट्या भावाला कुठल्या खोलीत न्यायचे, कोयता कुठे लपवायचा, हे तिने ठरवून ठेवलेले असते. लोक म्हणतात, केवढी समजूतदार! अहो, ती समजूत नव्हे, पहारा आहे. राखणीचे कुत्रे एकदा वाघराने धरले, तर पुढे पान हलले तरी रात्रभर भुंकते. शरीराचेही तसेच. संकट दिसले की मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी संप्रेरक सोडतात, काळीज धावू लागते, अंग पळायला तयार होते. हे रोज घडत राहिले, तर ती घंटा हलक्या धक्क्यालाही वाजायची सवय करून घेते. वीस वर्षांनी तीच पोर सासरी चुलीपुढे बसलेली असते, बाहेर नुसती कडी वाजते आणि तिचा जीव घाबरा होतो. तिला स्वतःलाही कळत नाही की ती कोणत्या कडीला घाबरली.

पोरींच्याच वाट्याला का?

दुपटीचा आकडा वर दिलाच आहे. जगात बहुतेक ठिकाणी तो साधारण तसाच येतो. मग बाईची जातच भित्री का? जुळ्यांचे अभ्यास सांगतात, की धास्तीला कारण होणारी जनुके बाईत आणि पुरुषात बव्हंशी तीच असतात. फरक दुसरीकडे आहे. काही शरीरातला आहे. पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांत संप्रेरके चढउतार करतात आणि त्या दिवसांत काही जणींचा त्रास वाढतो. बाळंतिणीची धास्ती तर आपण "ओली बाळंतीण, होतं असं" म्हणून सोडूनच देतो. ते बरोबर नाही.

बाकीचा फरक मात्र आपण घडवलेला आहे. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत बारा हजारांवर मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. तीनांतल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले. लैंगिक छळ सोसलेली मुले निम्म्याहून अधिक होती आणि त्यात मुलगेही मुलींइतकेच होते, हे वाचून पुष्कळांना धक्का बसला. पण मला स्वतःला त्यातला वेगळाच आकडा विसरता येत नाही. शंभरांतल्या सत्तर मुलींनी घरात आपल्याकडे दुर्लक्ष होते असे सांगितले, आणि ४८ जणी म्हणाल्या, आम्ही मुलगा असतो तर बरे झाले असते. हे बोलणाऱ्या पोरी आपल्याच घरातल्या आहेत. दूध भावाला, शाळेचा खर्च भावाला, आजारपणात गाडी भावासाठी.

वर शिकवण काय? अंधारात जाऊ नकोस, एकटी जाऊ नकोस, मोठ्याने हसू नकोस, मान वर करून बोलू नकोस. मुलगा झाडावरून पडला तर "ऊठ, मर्द ना तू?" आणि मुलगी झाडाकडे निघाली तरी "पडशील!" मी असे म्हणत नाही, की मुलींना जपू नका. बाहेरचा धोका खरा आहे. पण दरवेळी घरात बसवणे हा त्यावरचा उपाय झाला, तर भीती कधी विटत नाही. जी गोष्ट टाळली ती मनात मोठीच होत जाते. मुलीला संध्याकाळच्या क्लासला जायचे असेल, तर नाही म्हणण्याऐवजी चार दिवस कोणी सोबत जावे, मग मैत्रिणींबरोबर धाडावे. नंतर लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या शंभर तरुण स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. कांद्याचे रोपसुद्धा आपण मुळी धरल्याशिवाय उपटत नाही.

आणि पुरुषांना धास्ती नसते असे कोणी समजू नये. "मर्दाला भीती कसली" असे लहानपणापासून ऐकलेला माणूस सोसायटीच्या नोटिशीने रात्रभर जागतो, पण बायकोलाही सांगत नाही. तो बाटलीकडे जातो. आपण त्याला दारुड्या म्हणतो. त्याच्या दारूने मग पुढच्या पिढीतली पोर पावलांचे आवाज ओळखायला शिकते.

मग करायचे काय?

पहिल्यांदा छातीत दुखले, धडधडले, तर डॉक्टरांकडे जायचेच. रक्तही तपासून घ्या. कंठातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी असेच धडधडते. अंगात रक्त कमी असले तरी धडधडते, आणि आपल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असते. हे सारे ठीक निघाले, तर मग मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. त्यात वेड्याचा शिक्का नाही. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. तेवढ्या लांब जाणे होत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फोनवर लावा. सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. लहान मूल घरात मार किंवा छळ सोसत असेल, तर १०९८ हा नंबर ध्यानात ठेवा.

गोळ्यांबद्दल एक सांगणे आहे. धास्तीवर जी नेहमीची औषधे डॉक्टर देतात, त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. चार दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नयेत. त्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती झोपेच्या गोळ्यांची. दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे त्या घेणाऱ्या बायाबापड्या गावोगाव आहेत.

धडधड सुरू झाली, की घरच्यांनी भोवती गर्दी करू नये, कांदा हुंगवू नये, ओरडू नये. जवळ बसावे. "हे दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं, मागच्या वेळीही ओसरलं होतं," एवढे शांतपणे सांगावे आणि तिच्याबरोबर सावकाश श्वास सोडावा. ज्या लेकराच्या घरात रोज आदळआपट आहे, त्याला आजी, मामा, शाळेतल्या बाई, असे एक तरी माणूस हवे, ज्याच्याकडे केव्हाही धावत जाता येईल. तुमच्या शेजारी असे लेकरू असेल, तर ते माणूस तुम्ही होऊ शकता.

राहिला उपाय तो बुजऱ्या बैलाचाच. ट्रॅक्टरला बुजणाऱ्या बैलाला आपण एकदम इंजिनाशेजारी बांधत नाही. आधी बंद ट्रॅक्टर लांब उभा करतो, वैरण तिथे टाकतो. दोन दिवसांनी जरा जवळ. मग इंजिन सुरू करून लांब. मानसोपचाराचे डॉक्टर हेच पायरीपायरीने करून घेतात आणि त्याचा गुण चांगला येतो. जी बाई वर्षभर बाजाराला गेलेली नाही, तिने पहिल्या आठवड्यात रोज जावेबरोबर नुसते फाट्यापर्यंत जायचे. एस. टी. येईल, थांबेल, निघून जाईल. चढायचे नाही. छातीत धडधडले तरी तिथेच उभे राहायचे, धडधड कमी झाली की मगच घराकडे वळायचे. पुढच्या आठवड्यात एक थांबा.